वैशाखातला चिखल

सोलापूरच्या काळ्या मातीवर माझा जुना राग आहे, आणि तिचाही माझ्यावर असणार. माणसाचं वैर निदान ओळखता येतं. तो तोंड फिरवतो, रामराम घेत नाही. ही माती ओळखू देत नाही. उन्हाळ्यात ती इतकी कडक होते की पहार मारली तर आपलेच हात झिणझिणतात, आणि पावसाळ्यात तीच पायांतल्या वहाणा काढून ठेवून घेते. वाळली की आकसते. मंद्रूपला माझ्या सासुरवाडीच्या शेतात एकदा माझी छत्री अशी भेगेत गेली की नुसती मूठ वर राहिली; मेहुणे अजून ती गोष्ट जेवताना सांगतात, आणि मला जास्तीची पोळी वाढतात. ओली झाली की फुगते, आणि फुगताना आपल्या पाठीवर काय आहे ते बघत नाही. देऊळ असो की न्हाणी, उचलते. या मातीवर इमारत बांधणं म्हणजे बसलेल्या म्हशीच्या पाठीवर पाट मांडून जेवायला बसणं.

हे मला आता कळतं. पुण्याहून ओव्हरसियरची परीक्षा पास होऊन मी सोलापुरात नोकरीला लागलो तेव्हा मला याहून पुष्कळ जास्त कळत होतं.

माझी कचेरी अशी होती की घरांचे नकाशे तिथंच मंजूर व्हायचे आणि लोकांचे नळ तोडायचा अधिकारही तिथंच होता. त्यामुळे गावात मला मान होता. प्रेम म्हणवत नाही. त्या दिवसांत एक विणकर नकाशा घेऊन आला. तेलुगू घरातला, अतिशय मवाळ माणूस. आपण 'बसा' म्हटलं तर 'उभा आहे तेच बरं' म्हणायचा, आणि 'उभे राहा' म्हटलं तरी तेच म्हणायचा. इतकी वर्षं तो आणि त्याचे मुलगे थोरल्या भावाच्या कारखान्यात भावाच्या मागांवर विणत होते. आता त्याला स्वतःचे चार खड्डामाग बसवायचे होते, स्वतःच्या जागेत, स्वतःच्या छपराखाली. थोरल्या भावानं त्याला निरोप देताना म्हटलं होतं, "जा, जा. भिंत पडली की परत या. तुमची जागा मोकळी ठेवतो."

आशीर्वादाचे असे शब्द ऐकून आलेल्या माणसाची बायको कशी असेल? ती होती तशीच. नाकात चमकी, कमरेला चाव्या, आणि नजर अशी की पुढच्या माणसाला आपल्या सदऱ्याचं बटण तुटलंय की काय अशी शंका यावी. गल्लीतले सगळे तिला अम्मा म्हणत, मीही म्हणायचो. ती मला साहेब म्हणायची. तो शब्द तिच्या तोंडून ऐकल्यापासून मला तो फारसा आवडत नाही.

बांधणारा मिस्त्री मुसलमान, वळसंगचा. चुन्याच्या कामात आपल्यासारखा कोणी नाही, अशी त्याची समजूत होती, आणि ती समजूत तो रोज सकाळी एकदा आणि दुपारी एकदा सगळ्यांना ऐकवायचा. पहिल्या बांधकामाच्या वेळी आमची मात्र गाढ मैत्री होती. मी म्हणायचो, "मिस्त्री, तुमच्यासारखा चुना पुण्यात नाही." तो म्हणायचा, "साब, आपके सरीका दिमाग विलायत में नहीं." मग विणकर भजी मागवायचा.

पाया खणायचा तो वैशाखात. जमीन अशी तापलेली की मी पहार उचलून मारली, तर ती टणकन उडून माझ्याच नडगीवर आली. नडगी चोळत मी जाहीर केलं, "दगड आहे, दगड! खाली मुरुमापर्यंत जायची गरज नाही." मिस्त्रीनं जमिनीवर टाच आपटली आणि म्हणाला, "हौ साब, पत्थर है पत्थर." खणणं वाचलं की त्याचेही कष्ट वाचत होते. विणकर म्हणाला, "तुम्ही म्हणता तेच बरं." गुडघाभर खणून आम्ही पाया भरला. भजी गरम होती. सगळ्यांचं सगळ्यांशी पटत होतं. आयुष्यभर इमारतींच्या पायऱ्या झिजवल्यावर सांगतो: ज्या जागेवर पाया खणताना सगळे हसतखेळत असतात, तिथं मी माझी सायकलसुद्धा टेकवून ठेवत नाही.

छप्पर चढलं. चारही माग खिडक्यांच्या भिंतीला लावून बसले. ज्यांनी खड्डामाग पाहिला नाही त्यांच्यासाठी: विणणारा जमिनीच्या काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. खड्डा भिंतीलगत घ्यायचा, कारण उजेड खिडकीतून येतो, आणि लुगड्याच्या काठातला एक धागा चुकला की व्यापारी लुगडं तोंडावर फेकतो.

पावसाळा, हिवाळा सुखात गेला. पुढच्या उन्हाळ्यात अम्मानं निरोप धाडला. गेलो तर खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली जमिनीपर्यंत तिरकी भेग. अंगठा जाईल एवढी.

"साहेब," ती म्हणाली, "मी खिडक्या सांगितल्या हुत्या त्या दिल्या तुमी. ही एक जास्तीची फुकट दिली व्हय?"

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. विचार करायला वेळ हवा असला की ओव्हरसियर हेच करतो. मग म्हणालो, "चुना कच्चा राहिलाय."

मिस्त्री माझ्या मागेच उभा होता. तो भेगेपाशी गेला, पहारीच्या टोकानं आतला चुन्याचा एक खडा उपटला आणि दाराशी पडलेल्या शहाबादी फरशीवर ताकदीनं आपटला. फरशीचा कोपरा उडाला. खडा तसाच. मग तो विणकराकडे वळला.

"इनकू बोलो," तो म्हणाला, "मेरे चुने कू हाथ नक्को लगाओ बोलो. चुना पक्का है. कच्चा क्या है, सबकू मालूम है."

त्या दिवसापासून तो माझ्याशी थेट बोलायचा बंद झाला. मी हातभर अंतरावर असलो तरी विणकराला सांगायचा, 'इनकू बोलो.' मग मी तरी का बोलेन? मीही सांगू लागलो, 'त्यांना विचारा.' आणि अम्मा आम्हा दोघांबद्दल नवऱ्याला तेलुगूत जे सांगायची त्याचा अर्थ कळत नसला तरी चाल कळायची. तो बिचारा मध्ये उभा राहून तीन भाषांतल्या शिव्या पाखडायचा आणि दाणे तेवढे पुढे द्यायचा. मिस्त्री माझ्याकडे बघून "गधा" म्हणाला, हे मी माझ्या कानांनी ऐकलं; विणकरानं मला मात्र सांगितलं, "मिस्त्री म्हणतात, साहेब भोळे आहेत."

मी भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. भिंत हलली तर काच तडकते, म्हणजे कळतं. काच तडकली. कळलं. पण का हलते ते काच सांगत नाही.

तेवढ्यात पावसाळा लागला, आणि चमत्कार झाला. भेग मिटली! आधी अंगठा जायचा, मग करंगळी, मग जेमतेम नख. मी धावत गेलो, गिलावा मागवला, भेगेत ठासून भरला, वर सफेदी मारून घेतली आणि घरून पेढे नेले. "भिंत बरी झाली," असं मी म्हणालो. भिंतीला माणसासारखा ताप येतो आणि उतरतो, असंही काहीतरी बोललो. मिस्त्रीनं पेढा घेतला आणि विणकराला म्हणाला, "इनकू बोलो, पेढा अच्छा है. बाकी कुछ नहीं." अम्मानं पेढा घेतलाच नाही. "जखम भरली का खपली धरली, ते उन्हाळ्यात बगू," म्हणाली.

उन्हाळ्यात बघितलं. मी ठासलेल्या गिलाव्यानं भेगेला पुरतं मिटायची सोयच ठेवली नव्हती. भिंत बाहेरच्या अंगाला कलली. भिंतीलगतचे माग तिरके झाले, लुगड्याचा काठ वाकडा येऊ लागला आणि व्यापाऱ्यानं माल परत केला. दोन माग उचलून ठेवावे लागले. थोरल्या भावाचा निरोप तत्परतेनं आला: जागा मोकळी आहे, वाटच बघतोय. त्याच्या बायकोनं गल्लीत सांगायला सुरुवात केली की आमच्या धाकट्या जाऊबाई येणार, त्यांच्यासाठी कांड्या भरायची जागा झाडून ठेवलीय.

अम्मानं आम्हाला बोलावलं. नवरा कोपऱ्यात, मिस्त्री दारात, मी मध्ये. राहिलेले मागही त्या दिवशी बंद होते.

"आखितीचा सन झाला की आमी जानार दिराकडं," ती म्हणाली. "माज्या पोरांनी जलमभर दुसऱ्याच्या खड्ड्यात पाय घालायचा. तुमाला बोलवलं ते ह्यासाठी, की एकदा सांगा. भिंतीला काय झालं, एवडं तरी सांगा. मग तोंड न्हाय दाखवलं तरी चालंल."

अशा वेळी शहाणा माणूस म्हणतो, मला माहीत नाही. माझं निदान तयार होतं: शेजाऱ्याचा कडुनिंब. मी भिंतीच्या माथ्याकडे बोट दाखवत, भेगेचा उतार समजावत, मुळं कशी पाणी ओढतात ते सांगत भिंतीच्या कडेनं एकेक पाऊल मागे सरकत होतो. चांगलं चाललं होतं. बोलणं ऐन रंगात आलं आणि मी मागाच्या खड्ड्यात पडलो.

बसताना खड्ड्यात पडणं वेगळं. मी उभाच्या उभा गेलो. कमरेवरचं अंग आणि टोपी वर, बाकीचं खाली, पावडीत एक पाय अडकलेला. कोणी हसलं नाही, याचंच वाईट वाटलं. मिस्त्री दारातून विणकराला म्हणाला, "इनकू बोलो, अब बराबर जगे पे खड़े हैं."

मी पाय उपसायला गेलो तर वहाण येईना. खाली वाकून चाचपलं. चिखल होता. घोट्याच्या वर येणारा, थंडगार, काळाभोर चिखल. बाहेर वैशाखाचं ऊन पत्रा वाजवत होतं, रस्त्यावरच्या कुत्र्याला जीभ आत घ्यायला जमत नव्हतं, आणि मी चिखलात.

"हे पाणी कुठलं?" मी खड्ड्यातून विचारलं.

विणकरानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे.

"कुटलं पानी?" ती म्हणाली. "घाम हाय त्यो. इनकराचा घाम."

"घामात वहाण रुतते होय?"

"लई काम करत्यात आमची मानसं."

शेवटी विणकरच पुढे आला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं कोणाचं बोलणं पाखडून न देता स्वतःचं सांगितलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी, सूत तटातट तुटतं. म्हणून खड्ड्यात पाणी ओतायचं, वर ओलं गोणपाट टाकायचं. ओल धरली की सूत मऊ राहतं. त्याचा बाप करायचा, आजा करायचा. भावाच्या कारखान्यात रोज करतात.

"मग भावाची भिंत का नाही फुटली?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच उत्तर सापडलं. भावाचा कारखाना चढावर, मुरुमावर होता. मुरूम पाणी पितो आणि गप्प बसतो. इथं आतल्या अंगाला ही माणसं उन्हाळाभर मातीला पाणी पाजत होती, बाहेरच्या अंगाला ऊन तिला वाळवत होतं. भिंतीच्या एका बाजूला माती फुगतेय, दुसऱ्या बाजूला आकसतेय. भिंत बाहेर कलणार नाही तर काय नमस्कार करणार? आणि पावसाळ्यात दोन्ही बाजू सारख्या भिजल्या की भेग मिटते, मी पेढे वाटतो.

"हे मला आधी का नाही सांगितलं?" मी ओरडलो. खड्ड्यातून ओरडलेलं फारसं भारदस्त लागत नाही.

"कुनाला सांगायचं? नळ तोडनाऱ्याला?" अम्माचा आवाज माझ्याहून चढला. "प्यायचं पानी मागात वततो म्हनून उद्या आमचा नळ कापला आसता तुमी. आन् इचारलं कवा? खिडकी कुटं, दार कुटं, मोरी कुटं, समदं इचारलंत. मानसं आत बसून काय करनार, ते इचारलं व्हय कुनी?"

मला वर यायला कोणी हात दिला नाही. विणकर पुढे झाला होता, पण अम्मानं त्याच्याकडे पाहिलं आणि तो तिथंच थांबला. मी कोपरांवर चढून बाहेर आलो. एक वहाण आत राहिली.

"मला पावसाळ्याआधी ही भिंत उतरवू द्या," मी म्हणालो.

"भावजींना काय सांगू?"

"पुढचा उन्हाळा बघू म्हणावं. तोवर जागा झाडत बसा."

ती हसली नाही, पण तेलुगूत नवऱ्याला जे म्हणाली त्याची चाल आधीपेक्षा थोडी कमी वाईट होती. मग तिनं अट घातली. "या बारीला गोड बोलायचं न्हाय. तुमी दोगं गोड बोललात तवाच माजी भिंत फुटली. दगड खाली जायच्या आदी दोगांनी भांडायचं. दोगंबी गप झाल्याबिगर एक दगड जानार न्हाय." आणि ती गोणपाट टाकून पायाच्या चराच्या काठावर बसली. रोज बसली.

भांडायला आम्हाला सांगावं लागत नव्हतं. मी म्हणालो, मुरूम लागेपर्यंत खणा. एका कोपऱ्यात मिस्त्री म्हणाला, लागला. मला तो खोटा पाडायचा होता, दुसरं काही कारण नव्हतं. मी म्हणालो, अजून खणा. त्यानं दात खात खणवलं. हातभर खाली पुन्हा काळी माती! वरचा मुरूम जुन्या रस्त्याच्या भरावाचा निघाला. मला झालेला आनंद मी लपवला नाही. दुसऱ्या दिवशी मी छपराच्या पाण्यासाठी बाहेर फरसबंदी आखली. मिस्त्रीनं तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्या आखलेल्या उतारावर ओतलं. पाणी शांतपणे भिंतीकडे आलं. "इनकू बोलो," तो म्हणाला, "पानी कू पढना नहीं आता." त्याला झालेला आनंद त्यानंही लपवला नाही.

खड्डे भिंतीपासून लांब, खोलीच्या मध्यावर घ्यायचे, हे मी सुचवलं. अम्मा उसळली. "अंधारात इनायचं? जांभळा आन् निळा तुमी सांगनार येऊन?" मग छपरात काच बसवायची असं ठरलं. मिस्त्री म्हणाला, गळेल. मी म्हणालो, तुम्ही बसवलीत तर गळेलच. हे त्याच्या असं वर्मी लागलं की त्यानं ती काच पोटच्या पोरासारखी बसवली, आणि स्वतःच वर चढून घागरी ओतल्या. मी खाली टोपी काढून उभा राहिलो, एक थेंब तरी डोक्यावर पडावा म्हणून. पडला नाही. खड्ड्यांना शहाबादी फरश्यांचं अस्तर, सांधे चुन्यानं असे भरलेले की आत ओतलेलं पाणी आतच राहावं. सांधे मी खिळ्यानं टोकरून पाहिले. मिस्त्री माझ्या खिळ्याकडे बघत उभा राहायचा, मी त्याच्या थापीकडे. भिंतीच्या दोन्ही अंगांना काळी माती काढून मुरूम ठासला. भजी कोणी मागवली नाहीत. विणकरानं एकदा चहा विचारला, तर तिघांनी तीन वेगळ्या भाषांत नको म्हटलं.

लोक विचारतात, पाया टिकतो कशानं? मातीची परीक्षा, पाण्याची वाट, चुना, हे सगळं खरंच. आणि आत राहणारा माणूस रोज काय करतो ते विचारणं. पण मी म्हणतो, ज्याला आपली चूक सापडली तर दिवाळी वाटेल असा एक माणूस रोज जागेवर हवा. मित्र कामाचे नाहीत. ते भजी खातात.

पावसाळ्यात भिंत हलली नाही, पण पावसाळ्यावर आता माझा विश्वास उरला नव्हता. पुढचा वैशाख आला. कचेरीतून परस्पर तिकडे गेलो. दार बंद होतं. कडी वाजवली तर आतून अम्मा म्हणाली, "कोन?"

"मी. भिंत बघायची होती."

"भायेरनं बगा. रस्ता सरकारी हाय."

बाहेरच्या अंगाला गेलो तर मिस्त्री आधीच तिथं. तळहात भिंतीला लावून, डोकं तिरकं करून, डॉक्टरासारखा. मला पाहून त्यानं हात काढला नाही. मी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. मी लावलेली काचेची पट्टी अखंड होती. त्याचा चुना त्याच्या माझ्याबद्दलच्या मतासारखा पक्का होता. मी त्याची चूक शोधत होतो, तो माझी, आणि मध्ये खिडकीपाशी येऊन आम्ही दोघंही निराश होऊन थांबलो. आतून मागांचे ठोके येत होते. मोजले. चारही चालू होते.

तेवढ्यात तिथं थोरला भाऊ आला, हातात काठी, डोक्याला रुमाल. रिकाम्या जागेसाठी माणसं कधी येतात ते बघायला आला होता. त्यानं भिंत वरून खाली न्याहाळली, काठीचं टोक खिडकीच्या कोपऱ्यावर, जिथं जुनी भेग होती बरोबर तिथं, टेकवलं आणि टोकरलं.

"ओ, काठी काढा तिथली!" मी म्हणालो.

"लकड़ी हटाव!" मिस्त्री म्हणाला.

दोघांचंही एकदमच निघालं. भाऊ आमच्याकडे बघतच राहिला. आम्हीही एकमेकांकडे पाहिलं. मिस्त्रीनं तोंड उघडलं, इकडेतिकडे नजर टाकली. 'इनकू बोलो' म्हणायला विणकर कुठं दिसेना. त्यानं तोंड मिटलं. मीही मिटलं.

आतले ठोके थांबले. खिडकीच्या गजांमागे चमकी लकाकली.

"कोन हाय रे त्यो माज्या भिंतीला हात लावनारा?"

थोरल्या भावानं काठी मागे घेतली. मिस्त्री वळसंगच्या वाटेला लागला, मी कचेरीच्या. भाऊ तिथंच काठीचं टोक रुमालानं पुसत उभा राहिला, आणि खिडकी धाडकन बंद झाली. कोपऱ्यातला गिलावा जराही हलला नाही.